कोंबडीचे अंग बाहेर आले तर: राऊच्या परसातले एक प्रकरण

प्रकरण इंदूर-महू रस्त्यावरच्या राऊचे. मराठी घर, मागे छोटेसे परस आणि त्यात चार कोंबड्या: दोन झाबुआकडच्या कडकनाथ, दोन तपकिरी संकरित. एप्रिलचा मध्य, दुपारी पारा चाळिशीला टेकलेला. सकाळी साडेदहाच्या सुमारास तपकिरींपैकी एक, वय अकरा महिने, खुराड्याच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभी दिसली. शेपूट पडलेली, पिसे फुललेली आणि गुदद्वारातून लिंबाएवढा लालबुंद, ओला गोळा बाहेर आलेला. दोन्ही कडकनाथ टपूनच होत्या. एक टोच बसलीही होती. गोळ्यावर एका जागी रक्त साकळले होते.

असे दिसले की औषध नंतर शोधावे, आधी कोंबडी उचलावी. लाल, ओले, हलणारे काही दिसले की बाकीच्या कोंबड्या टोचतात आणि टोचत राहिल्या तर आतडीही ओढून काढतात. बाहेर आलेल्या अंगापेक्षा सोबतिणींच्या चोचीनेच जास्त कोंबड्या जातात. इथे घरातल्या सुनेने ती लगेच उचलली, टोपलीत ठेवली आणि वर जुन्या सुती साडीचा तुकडा टाकला. पुढचे सगळे घरी करता आले, ते त्या दोन मिनिटांमुळे.

बाहेर आले होते ते काय

अंडे घालताना अंडनलिकेचा शेवटचा भाग दर वेळी उलटून थोडा बाहेर येतोच. त्यामुळे अंडे विष्ठेच्या वाटेला फारसे न लागता पडते. अंडे पडले की काही क्षणांत तो भाग आपोआप आत जातो. नव्याने कोंबड्या पाळणारे नेमके त्याच क्षणी बघतात आणि घाबरतात. तिथे काही करायचे नसते. पाच-दहा मिनिटांनीही गोळा बाहेरच असेल, तर मात्र ते दुखणे आहे.

गोळा नीट पाहावा. अंडनलिकेचे अस्तर गुलाबी ते लाल, ओलसर आणि घड्या पडलेले असते. लांब, गुळगुळीत, नळीसारखे काही लोंबत असेल तर ते आतडे. त्याला घरी हात लावू नये, ओल्या स्वच्छ कापडात धरून सरळ डॉक्टरांकडे जावे. गोळा नाही, पण गुदद्वाराभोवती पांढरट, घाण वासाचा चिकटा आहे, तर तो संसर्ग. त्याचा उपचार वेगळा.

कडकनाथबाबत एक गोष्ट लक्षात ठेवायची. काळे पडलेले अंग म्हणजे मेलेले, हा नियम इतर कोंबड्यांना लागू पडतो. कडकनाथच्या आतल्या अवयवांवरही काळी झाक असते, त्यामुळे तिथे रंगावर विसंबता येत नाही. ओलावा, चकाकी आणि वास पाहावा. जिवंत अंग ओले, चमकते असते. मेलेले कोरडे, चामड्यासारखे आणि कुबट वासाचे.

या कोंबडीचा गोळा लाल, ओला होता, वास नव्हता. दोन तासांपूर्वी दाणे टाकले तेव्हा ती धडधाकट चालत होती, म्हणजे प्रकार ताजा होता. दिवसभर बाहेर राहून सुजलेले, धूळ आणि विष्ठा लागलेले अंग आत बसवणे कितीतरी अवघड जाते.

कशामुळे झाले

विचारपूस केली तेव्हा चार गोष्टी पुढे आल्या आणि चारही एकाच दिशेच्या होत्या.

पहिली, वजन. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ती २.४ किलो भरली. या बांध्याच्या, अंड्यांसाठीच्या तपकिरी कोंबडीचे वजन दोन किलोच्या आसपास असावे. छातीच्या हाडाचे टोक आणि गुदद्वाराखालची दोन बारीक हाडे यांच्यामधली जागा चाचपली तर कणकेच्या गोळ्यासारखी मऊ, भरलेली लागली. ती सगळी चरबी. अंडे पुढे सरकायला आत जागा कमी उरते, जोर जास्त लावावा लागतो आणि चरबी भरलेले स्नायू ताणले गेल्यावर पूर्ववत व्हायला वेळ घेतात. चरबी कुठून आली ते शोधायला इंदुरात लांब जावे लागत नाही. रोज सकाळी उरलेले पोहे, त्यावरची शेव, रविवारी जिलेबीचा चुरा. तेल, मीठ, साखर सगळे आले, कॅल्शियम मात्र नाही.

दुसरी गोष्ट दिव्याची. मुंगसाच्या भीतीने खुराड्यावर एलईडी दिवा रात्रभर जळत होता. कोंबडीचा अंडाशय प्रकाशाच्या तासांवर चालतो. अंड्यावरच्या कोंबड्यांना व्यवसायात १४ ते १६ तास उजेड देतात, त्यापुढे देत नाहीत. इंदुरात जूनमधला सर्वांत मोठा दिवससुद्धा साडेतेरा तासांच्या आसपास असतो. इथे उजेड चोवीस तास. मुंगसाला जाळी अडवते, दिवा नव्हे.

तिसरी, मोठी अंडी. आधीच्या आठवड्यात तिने दोन बलकांचे अंडे घातले होते, ८० ग्रॅमच्या वर. त्यानंतरच्या अंड्यांवर रक्ताची बारीक रेघ होती. ही रेघ आधीच सांगत असते: वाट ताणली जाते आहे, अस्तर चिरते आहे. घरातल्यांनी अंडे धुऊन वापरले आणि विषय तिथेच राहिला.

चौथी, ऊन. उन्हाळ्यात कोंबडी धापा टाकते, त्यात कार्बन डायऑक्साइड बाहेर पडून रक्तातला समतोल बिघडतो आणि कवचासाठी लागणारे द्रव्य कमी पडते. शिवाय उन्हात दाणा कमी खाल्ला जातो, म्हणजे कॅल्शियम आणखी घटते. कॅल्शियम फक्त कवचाला लागते असे नाही, अंडनलिकेच्या स्नायूंना आकुंचन पावायलाही तेच लागते. स्नायू ढिला राहिला की बाहेर आलेला भाग आत ओढला जात नाही.

पहिला उपचार

सामान फार लागत नाही. औषधाच्या दुकानातून ०.९ टक्के सलाइनची अर्ध्या लिटरची बाटली, सुई नसलेली २० मिलीची सिरिंज, हातमोजे, गॉज आणि पाण्यात विरघळणारी वंगण जेली. सलाइन नसेल तर उकळून निवलेल्या एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण दीड सपाट चहाचा चमचा. अंदाजाने मूठभर टाकू नये. जास्त खारट पाणी उघड्या अस्तराला झोंबते आणि कोंबडी आणखी जोर करते. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला कोमट लागेल इतके, ३८ ते ४० अंश.

काय लावायचे नाही, हेही सांगायला हवे. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड अस्तर जाळतात. हळदीची पूड घड्यांत अडकून बसते, खरखर करते आणि खालचा रंगही कळू देत नाही. परदेशी सल्ल्यांत मूळव्याधीचे मलम सांगितलेले असते आणि तो सल्ला आपल्याकडे तसाच उचलला जातो. पण आपल्या बाजारातल्या अशा बऱ्याच मलमांत स्टेरॉइड आणि लिग्नोकेन असते. स्टेरॉइडने जखम भरणे मंदावते. लिग्नोकेनसारखी बधिर करणारी औषधे एवढ्याशा पक्ष्याला सहज जास्त होतात. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते लावू नये.

काम दोघांचे. सासूबाईंनी कोंबडीचे डोके सुती कापडाने झाकून तिला मांडीवर धरले, पंख अंगालगत, शेपटीकडचा भाग किंचित वर. डोके झाकले की कोंबडी शांत होते. छाती दाबून धरायची नाही: पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचे हाड खाली-वर होऊनच श्वास चालतो. घट्ट आवळलेली कोंबडी हातातच गुदमरते. याच कारणाने तिला उलटी टांगायचीही नाही.

सुनेने आधी गुदद्वाराभोवतीची मऊ पिसे कात्रीने कापली. उपटली नाहीत, उपटल्याने रक्त येते आणि माश्या जमतात. मग सिरिंजने सलाइन सोडत गोळा धुतला, धार न मारता, वरून वाहू देत. चिकटलेली काडी, विष्ठा पाण्यानेच सुटू दिली. गॉजने पुसायचे नाही, टेकवून फक्त ओलावा टिपायचा. टोचीची जागा पाहिली: खरचटलेले होते, आरपार फाटलेले नव्हते. फाटलेले असते तर घरचा उपचार तिथेच थांबला असता.

पुढे पाहायचे, आत अंडे आहे का. पोटाखालून हलक्या बोटांनी चाचपले की अडकलेले अंडे कडक, गोल लागते. इथे लागले नाही. सकाळचे अंडे खुराड्यात सापडले. ते नसते आणि आत कडक गोळा लागला असता, तर क्रम बदलला असता: तोंडावाटे कॅल्शियम, मग ३८ अंशांच्या पाण्यात १५-२० मिनिटे मागचा भाग बुडवून बसवणे, वाट जेलीने ओली करणे आणि तासाभरात अंडे न पडल्यास डॉक्टर. अंडे आत फोडायचे नाही. कवचाच्या कडा अस्तर कापतात.

सूज उतरवायला साखर वापरली. चार चमचे साखर आणि जेमतेम विरघळेल इतके कोमट पाणी. त्यात भिजवलेले गॉज गोळ्यावर १०-१५ मिनिटे. दाट साखर सुजलेल्या अंगातले पाणी बाहेर खेचते. शुद्ध मधही चालतो. पंधरा मिनिटांनी गोळा स्पष्ट लहान आणि सुरकुतलेला दिसू लागला. मग साखर सलाइनने पूर्ण धुऊन काढली. हे विसरले की मुंग्या लागतात आणि एप्रिलमध्ये त्यांना वेळ लागत नाही.

आत बसवताना घाई नडते. हातमोज्याच्या बोटाला जेली लावून सुनेने गोळ्याच्या कडेपासून, गुदद्वाराला लागून असलेल्या भागापासून सुरुवात केली. जो भाग शेवटी बाहेर आला तो आधी आत. मधोमध एकदम दाब दिला तर गोळा बाजूला फुगतो, आत जात नाही. कोंबडीने जोर केला की बोट जागीच थांबवायचे, तिच्या जोराविरुद्ध ढकलायचे नाही. जोर ओसरला की पुढे. सगळे आत गेल्यावर बोट पहिल्या पेरापर्यंत आत ठेवून अस्तराची घडी सरळ झाली का ते पाहिले आणि सुमारे दहा मिनिटे तळव्याने हलका आधार दिला. आत घडी राहिली की ती खुपते, कोंबडी पुन्हा कुंथते आणि सगळे पुन्हा बाहेर.

वेदनेसाठी घरात असलेली गोळी देऊ नये. विशेषतः डायक्लोफिनॅक पक्ष्यांच्या मूत्रपिंडावर उठते. गिधाडे त्यानेच संपत आली आणि जनावरांसाठी ते भारतात २००६ मध्ये बंद झाले.

मग ते पुन्हा बाहेर आले

संध्याकाळपर्यंत ठीक होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अंडे पडले आणि त्याबरोबर गोळा पुन्हा बाहेर, या वेळी थोडा मोठा.

अशी बहुतेक प्रकरणे इथेच फसतात. अंग आत ढकलणे हा उपचाराचा लहान भाग. ते ज्या कारणाने बाहेर आले ते, म्हणजे अंडे, साधारण २४ ते २६ तासांनी पुन्हा येणारच असते. पहिल्या दिवशी अंग आत बसवले तेव्हा पुढचे अंडे अंडनलिकेत तयार होत होते. कवच चढायलाच वीस तासांच्या आसपास लागतात. त्याच्या मागे अंडाशयात पाच-सहा पिवळे बलक लहान-मोठ्या क्रमाने रांगेत असतात. सुजलेल्या, खरचटलेल्या वाटेतून रोज एक अंडे जात राहिले तर कितीही नीट बसवले तरी टिकत नाही. अंडी काही दिवस थांबवणे हाच खरा उपचार, आणि तो पहिल्या दिवसापासून सुरू व्हायला हवा होता. इथे कोंबडी पहिल्या रात्री व्हरांड्यात ठेवली होती, दिव्याखाली.

दुसऱ्यांदा तसेच धुऊन, साखर लावून आत बसवले आणि दुपारी तिला महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेले. (वाहन नसेल तर मध्य प्रदेशात १९६२ या क्रमांकावर फिरते पशुचिकित्सा पथक बोलावता येते.) डॉक्टरांनी गुदद्वाराभोवती बटव्याच्या नाडीसारखा एक टाका घातला, विष्ठा जाईल इतकी फट ठेवून, आणि सूज-वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम व एक प्रतिजैविक दिले. टाका घरी घालण्याची गोष्ट नाही. घट्ट झाला तर विष्ठा तुंबून कोंबडी दोन दिवसांत जाते. सैल झाला तर उपयोग नाही. आणि टाका असताना कडक अंडे आले तर कडा फाटतात. म्हणूनच टाक्याच्या काळात दिवसातून तीन-चारदा दोन गोष्टी पाहायच्या: विष्ठा पडते आहे का आणि पोटात अंडे लागते आहे का. औषध चालू असताना आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस तिची अंडी टाकून द्यायची. खायची नाहीत, कोणाला द्यायचीही नाहीत.

अंधार, दाणा, पाणी

तिची सोय घराच्या तळमजल्यावरच्या सामानाच्या खोलीत केली. खिडकीला जाड चादर, सकाळी ९ ते संध्याकाळी ५ चादर बाजूला, म्हणजे आठ तास उजेड. उरलेले सोळा तास अंधार. पुठ्ठ्याचे खोके किंवा काळ्या कापडाने झाकलेला पिंजरा मार्चनंतर माळव्यात वापरू नये. आत हवा कोंडते आणि कोंबडी उष्म्याने जाते. खोलीत वारा हवा, उजेड नको. दाराखालची फट आणि वरचा झरोका उघडा ठेवला, झरोक्याला आतून तिरका पुठ्ठा लावला.

खाली भाताचे तूस किंवा गव्हाचा भुसा न घालता जुने सुती कापड अंथरले, दिवसातून दोनदा बदलले. भुशाचा कण ओल्या अस्तराला चिकटतो. कापडावर विष्ठेचा रंग आणि रक्ताचा ठिपकाही लगेच दिसतो.

दाण्यात मतभेद आहेत. काही जण अंडी थांबवायला एक-दोन दिवस उपाशी ठेवतात. चरबी साठलेल्या कोंबडीला असे करू नये. अचानक उपास घडला की साठलेली चरबी यकृतात उतरते. इथे लेयर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचे तयार दळलेले खाद्य) बंद करून दिवसाला ५०-६० ग्रॅम बाजरी आणि ज्वारी, मूठभर बारीक चिरलेली मेथी-पालक असे ठेवले. एरवी ती ११० ते १२० ग्रॅम खाते. पाणी मात्र भरपूर, थंड, दिवसातून तीनदा बदललेले. पाणी तोडले की विष्ठा घट्ट होते, कुंथणे वाढते आणि टाक्यावर ताण येतो.

लेयर मॅशमध्ये साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते. अंडी थांबलेल्या कोंबडीला ते सक्तीने खायला घातले तर मूत्रपिंडावर भार येतो. म्हणून शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवला. कोंबडी गरजेपुरता स्वतः खाते; या बाबतीत तिच्यावर विश्वास टाकावा.

चौथ्या दिवशी पातळ, कवच नसल्यासारखे एक अंडे पडले. मऊ असल्याने टाक्याच्या फटीतून निघाले, अंग बाहेर आले नाही. त्यानंतर अंडी थांबली. रांगेतले उरलेले बलक शरीर स्वतःच जिरवते. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी टाका काढला.

माश्यांचे काम शेवटपर्यंत सोडायचे नाही. गुदद्वाराभोवतीची कातडी, अस्तर नव्हे, रोज पातळ पोव्हिडोन आयोडीनने पुसली. ते फिक्या चहाच्या रंगाचे होईल इतके पाणी घालून. सकाळ-संध्याकाळ पिसांच्या मुळाशी तांदळाच्या कणीसारखी पांढरी अंडी आहेत का ते टॉर्चने पाहिले. उन्हाळ्यात माशीने घातलेल्या अंड्यांतून एका दिवसात अळ्या होतात. अळ्या दिसल्या की लगेच दवाखाना.

घरचा उपचार कुठे थांबवायचा, हे आधीच ठरवून ठेवलेले बरे. अंग कोरडे, काळपट, वास मारणारे, आरपार चीर, टाका काढल्यावर पुन्हा बाहेर येणे, अर्ध्या दिवसात विष्ठा नाही, दिवसभर दाण्याला तोंड नाही. यातले काहीही झाले तर डॉक्टर, आणि ते सांगतील तर यातना न देता संपवणे. वारंवार अंग बाहेर येणारी कोंबडी 'अजून एकदा बघू' करत महिनाभर ठेवणे ही दया नव्हे.

परत खुराड्यात

टाका निघाल्यावरही तिला आणखी दहा दिवस खोलीतच ठेवले, उजेड तेवढाच. मग परसात जाळीच्या आडोशाने, बाकीच्यांना दिसेल पण टोचता येणार नाही अशी. गुदद्वार फिके गुलाबी, कोरडे आणि पिसांनी झाकले गेल्यावरच जाळी काढली. लालसर असताना सोडली असती तर कडकनाथांनी काम पूर्ण केले असते.

रात्रीचा दिवा गेला, खुराड्याला अर्ध्या इंचाची जाळी बसली. पोह्यांवर मात्र घरात जरा बोलाचाली झाली. "आई, शेव अजिबात नको." "अगं, चार दाण्यांनी काय होतंय?" रोजच्या एकूण खाण्यात वरचे खाणे दहावा हिस्सा, म्हणजे दहा-बारा ग्रॅमच, तेही बिनतेलाचे, असे ठरले. साधे भिजवलेले पोहे चालतात, शेव आणि जिलेबी नाही. सासूबाई आता काकडीच्या साली आणि टरबुजाच्या फोडी टाकतात.

पाच आठवड्यांनी तिने अंडे घातले, ५६ ग्रॅमचे, रेघ नसलेले. वजन २.१ किलोवर आले होते. त्याच रविवारी दुसऱ्या तपकिरीलाही काट्यावर ठेवले: २.३ किलो, पोट तसेच भरलेले. तिचा दाणा लगेच मोजून ११० ग्रॅमवर आणला आणि तिची अंडी धुण्याआधी उजेडात फिरवून रेघ आहे का ते पाहणे सुरू झाले.